कोनशिला तेवढी वाचता येते

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी
आणि सार्वजनिक बांधकाम विभागातील सर्व अभियंते

विषय : सरकारी इमारतींतल्या पाट्या सगळ्यांना वाचता येण्याबाबत

महोदय / महोदया,

मी पेंटर आहे. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं लिहिणारा. १९८० साली, सोळाव्या वर्षी ब्रश हातात घेतला आणि फ्लेक्सनं आमच्या पोटावर पाय देईपर्यंत जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांच्या पाट्या माझ्या हातून गेल्या. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’, ‘येथे थुंकू नये’, ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’. ही तिसरी इतक्या वेळा लिहिली की डोळे मिटून लिहून दाखवीन, असं मी गमतीनं म्हणायचो. आता मिटायची गरज राहिली नाही. काचबिंदूनं डावा डोळा पुरता नेला आणि उजव्यात एक भोक तेवढं शिल्लक आहे. हा आजार कडेकडेनं खातो, दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला असेल तर तुम्हीही डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या. पत्राचा विषय तो नाही, पण राहवत नाही.

विषय पाट्यांचा आहे.

निराधार योजनेचं अनुदान चालू राहायचं तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून आहोत, हे सरकारला कळवायचं. त्याबद्दल तक्रार नाही. यंदा त्यासाठी नव्या प्रशासकीय इमारतीत गेलो. चार मजले, रुंद जिना, चकचकीत फरशी, पंधरा-वीस कचेऱ्या एका छताखाली. गावाचं आणि इमारतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकट्या तिच्यावर खापर फोडून बाकीच्यांना मोकळं करायचं नाही मला. पत्र वाचताना आठही जिल्ह्यांत ज्याला त्याला ही आपलीच इमारत वाटली तर बरंच.

नात कॉलेजात, बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून पांढरी काठी घेऊन एकटाच निघालो होतो. दारातून आत गेल्यावर समोर सगळ्या शाखांची यादी आहे म्हणतात. आहे. नऊ फुटांवर, स्टीलच्या पत्र्यावर स्टीलचीच अक्षरं आणि बरोबर वर ट्यूबलाइट. माझ्या भोकातून नुसता लखलखाट दिसला. चाचपत एका दारापाशी थांबलो आणि विचारलं, “ही कुठली शाखा हो?”

आतून आवाज आला, “वर लिहिलंय की, मामा.”

“मला वाचता येत नाही.”

“मग कुणाकडून तरी वाचून घ्या.”

माणूस वाईट नव्हता. काठी दिसल्यावर त्यानंच उठून खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण त्या घटकेला त्याला वाटलं की मी अडाणी आहे, आणि मला राग आला तो त्याचाच. तीस वर्षं अक्षरावर पोट भरलं, आणि मला अडाणी समजतो! खाली येईपर्यंत राग निवळला. खरंच अडाणी असतो तर काय झालं असतं? शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं कचेरीत काम नसतं की काय? पाटीवर साधं चित्र असतं, खोलीला ठळक नंबर असता, तर तोही पोचला असता आणि मीही. तोवर मी चार दारं चुकलो होतो. त्यातलं एक बायकांच्या स्वच्छतागृहाचं निघालं. पुढचं सांगत नाही.

मग जेवणाची सुट्टी झाली. खाली दरवाजाजवळ बाकड्यावर टेकलो, भिंतीला हात लावला आणि बोटांना अक्षरं लागली. काळा गुळगुळीत दगड, त्यात खोल कोरलेली अक्षरं. ‘शु’ लागला, ‘भ’ लागला, ‘ह’ लागला. शुभहस्ते. मग मा. ना. श्री., मग नाव, मग खातं, मग दुसरे मा. ना. श्री. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, तारीख, तिथीसकट. एकूण एक ओळ मी बोटानं वाचली. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, “भाऊ, काय शोधलालाव?” मी म्हणालो, “साहेब लोकांना भेटतोय.”

चार मजल्यांच्या त्या इमारतीत आंधळ्याला वाचता येईल अशी एकच पाटी आहे, आणि ती कोनशिला आहे. उंची छातीएवढी, बरोबर. अक्षरात अंतर, बरोबर. शुद्धलेखन दोनदा तपासलेलं, हे मी पैजेवर सांगतो, कारण कोनशिलेत वेलांटी चुकली तर काय होतं ते आम्हा पेंटरांना ठाऊक आहे. म्हणजे तुम्हाला जमत नाही असं कुणी म्हणू नये. नाव कुणाचं आहे यावर ते ठरतं, एवढंच.

आता थोडं मागं जातो. माझे उस्ताद निजामाच्या अमलात उर्दू पाट्या लिहायचे. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, आणि दारात उभा असलेला शेतकरी मराठी. माझे आजोबा जमिनीच्या कामाला तालुक्याला जायचे तेव्हा अर्ज लिहायला अर्जनवीस लागायचा हे तर झालंच, पण कुठल्या दारात जायचं हे वाचायलाही कुणीतरी लागायचं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, कारभाराची भाषा बदलली आणि उस्तादांनी त्याच पत्र्यांवर, त्याच हातानं, रेड ऑक्साइड मारून मराठी लिहिली. ते म्हणायचे, “बोर्ड दरवाजे के वास्ते नै रहता बेटा, आनेवाले के वास्ते रहता.” आणि पुढच्याच दमात, “मात्रा सीधी कर.”

दारात येणाऱ्याला वाचता येत नाही म्हणून सरकारनं एकदा सगळ्या पाट्या बदलल्या आहेत. त्या बदलताना मी नव्हतो, पण ज्यानं बदलल्या त्याच्या हाताखाली शिकलो. म्हणून आता पुन्हा बदला म्हणताना मला संकोच वाटत नाही.

कायद्याचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी नातीनं वाचून दाखवलं ते लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याच्या कलम ४५ प्रमाणे नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ ला निघाले. पाच वर्षं जून २०२२ ला भरली. नव्या इमारतीला तर कलम ४४ आहे, मानकांप्रमाणे बांधलेली नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाच देऊ नये असं सांगणारं. आमच्या या इमारतीला तो कसा मिळाला, हा प्रश्न मी विचारत नाही, नोंदवून ठेवतो. शिवाय राजीव रतुरी यांचा खटला आहे. हे गृहस्थ स्वतः दृष्टिहीन, त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं त्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम म्हणजे जमलं तर करा अशा सूचना असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत, आणि तसे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. २००५ ते २०२४. माझ्या डोळ्यांना जायला एवढा वेळ लागला नाही.

मला एकच गंमत वाटते. मी हयातीचा दाखला वेळेत दिला नाही तर माझं अनुदान थांबतं. तुमची मुदत २०२२ ला संपली, तुमचं काय थांबलं?

तुम्ही म्हणाल, ब्रेल पाट्या बसवल्यात. बसवल्यात ना. त्यांचंच सांगायचंय.

आमच्या शेजारचा एक मुलगा अंध विद्यालयात नववीत शिकतो. जन्मापासून दिसत नाही. सुट्टीत घरी आला की मला ब्रेल शिकवतो. मला जमत नाही फारसं. टर्पेंटाइन आणि ऑइल पेंटनं बोटांची टोकं कातड्यासारखी झालीत, त्यांना सहा ठिपके म्हणजे एकच फोड वाटते. आणि सवयही आडवी येते. जन्मभर मी आधी शिरोरेषेचा अंदाज घेतला, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडून टाकली. ब्रेलमध्ये शिरोरेषा नाही, वर-खाली काही नाही, आणि पहिली वेलांटीसुद्धा बोलण्याच्या क्रमानं अक्षराच्या नंतर येते. ‘कि’ म्हणताना आधी क म्हणतोस ना मामा, मग आधी वेलांटी कामून काढतोस, असं तो मला विचारतो. उत्तर नाही माझ्याकडं. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ पासून एकच भारती ब्रेल आहे. मराठीचा क आणि कन्नडचा क बोटाला सारखाच लागतो. आमच्या सीमेवरच्या गावांत तर हे भारी कामाचं आहे.

तर या मुलाला घेऊन मी पुन्हा त्या इमारतीत गेलो. म्हटलं, तू वाच, मी ऐकतो.

पहिल्या मजल्यावरची पाटी त्याला सापडेना. सापडली ती शिपायानं दाखवल्यावर, चौकटीच्या वर, सात फुटांवर. नववीतला मुलगा, उड्या मारून वाचणार होता का? शिपायानं स्टूल आणून दिलं, तो चढला, हात फिरवला आणि म्हणाला, “मामा, ही तर गुळगुळीत आहे.” फ्लेक्सवर ठिपके छापलेले! नुसते छापलेले. ब्रेलचं चित्र. डोळे असलेल्यांना दिसावं की इथं आंधळ्यांची सोय आहे. मी या धंद्यात तीस वर्षं काढली, लोकांना फसवणाऱ्या पाट्याही लिहिल्या असतील, पण हा प्रकार मला कधी सुचला नसता.

दुसऱ्या मजल्यावर मात्र एक खरी पाटी मिळाली. पिण्याच्या पाण्याच्या कूलरजवळ, ॲक्रिलिकची, उठावाचे ठिपके, उंचीही ठीक. मला आनंद झाला. त्यानं बोट फिरवलं, थांबला, परत फिरवलं.

“इपसण,” तो म्हणाला.

“काय?”

“इपसण लिहिलंय. इपसण म्हणजे काय असतं, मामा?”

मला वाटलं एखादा सरकारी शब्द असेल, पर्यवेक्षणासारखा. दोन मिनिटं आम्ही दोघं विचार करत उभे. मग तोच हसायला लागला. पाटी उलटी बसवली होती. ब्रेलमधला प उलटा केला की ण होतो आणि ण उलटा केला की प. काना उलटला की स. दुसरी वेलांटी उलटली की पहिली. ‘पाणी’ डोक्यावर उभं केलं की बरोबर ‘इपसण’ होतं. बसवणाऱ्याचा दोष मी धरत नाही, त्याला ते ठिपके सारखेच. ‘वर’ अशी खूण मागं कुणी करून दिली असती तर त्यानं सरळ बसवली असती. आणि बसवल्यावर एकाही वाचणाऱ्याला बोलावलं नाही, हे त्याच्या हातातलं नव्हतं.

आता धंद्याचं बोलतो, कारण तक्रार कुणीही करतं, पाटी कशी करायची ते मला येतं.

पाटी दाराच्या फळीवर नको. दार दिवसभर उघडं असतं आणि पाटी भिंतीकडं तोंड करून उभी राहते. चौकटीच्या वरही नको. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेचार ते सव्वापाच फुटांत, आणि सगळ्या दारांना त्याच जागी. एकदा हाताला जागा कळली की माणूस प्रत्येक दाराशी तिथंच हात नेतो. एका दाराला डावीकडं आणि दुसऱ्याला उजवीकडं केलंत तर सगळी पाटी वाया.

नुसतं ब्रेल पुरत नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्या माझ्यासारख्यांना ते क्वचितच येतं. म्हणून त्याच पाटीवर आधी उठावाची देवनागरी अक्षरं आणि त्यांच्या खाली ब्रेल. कोनशिलेसारखी खोदलेली अक्षरं मी वाचली खरी, पण मला ती आधी हातानं लिहायची सवय होती म्हणून. वर आलेलं अक्षर बोटाला लवकर कळतं. जाडी सारखी ठेवा. बोरूसारखी जाड-बारीक रेघ डोळ्याला सुंदर, बोटाला घोटाळा. शिरोरेषेवर बोट घसरत जातं, तेव्हा शब्दांत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक बारीक असतो, तो बुजेल एवढं लहान अक्षर करू नका. अंगठ्याच्या पेराएवढं तरी हवंच.

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी रंग. आणि असे लोक ठार आंधळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात, मोतीबिंदू पिकलेली म्हातारी माणसं धरली तर प्रत्येक घरात एक निघेल. पिवळ्यावर काळं. गडद निळ्यावर पांढरं. मॅट, चमक अजिबात नको. स्टीलवर स्टील, काचेवर पांढरं, हे आर्किटेक्टच्या फोटोत छान दिसतं. आमचा जुना हिशोब होता, दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर एक इंच. तो धडधाकट डोळ्याचा. सरकारी कचेरीत तो दुप्पट धरा. आणि कृपा करून अक्षरांना सावली, सोनेरी कडा, मागं फुलं असलं काही नको. ती वाढदिवसाच्या फ्लेक्सला राहू द्या.

चाकाच्या खुर्चीचं निळं चिन्ह तुम्ही जागोजागी लावलंय. ते १९६८ साली सुसान कोफोएड नावाच्या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीनं काढलं. तिच्या मूळ चित्रात माणसाला डोकं नव्हतं, ते नंतर दुसऱ्यानं जोडलं. आमच्या इमारतीत चिन्हाला डोकं आहे, लावणाऱ्याचं कुठं होतं कळत नाही. त्या चिन्हाचा बाण ज्या रॅम्पकडं जातो तिथं मोटारसायकली लागतात, आणि ज्या स्वच्छतागृहावर ते आहे त्याला कुलूप असून आत जुन्या फायलींचे गठ्ठे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात पाय गेलेली माणसं आता म्हातारी झाली. त्यांना हे चिन्ह दाखवून कुलपापर्यंत नेणं बरं नाही. बाण लावायच्या आधी बाणाच्या टोकाला काय आहे ते एकदा बघून या.

ऐकू न येणाऱ्यांचं मला कमी कळतं. एवढंच सांगतो, की नावाचा पुकारा होतो तेव्हा ते तिथंच बसलेले असतात आणि त्यांचा नंबर निघून जातो. आकडा दिसेल असा फलक लावा.

पैशाचं कारण सांगू नका. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेत. त्यांच्या इमारतींचं त्यात भागावं. बांधकाम खात्याच्या इमारतींना अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी लागेल. चार मजल्यांच्या इमारतीत फार तर शे-दीडशे दारं. लेझर कटिंगवाले आता तालुक्याला आहेत, त्यातले दोघं पूर्वी माझ्याकडं ब्रश धुवायला होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, तेव्हा मी त्यांत नव्हतो. आता आहे. अशी माझ्यासारखी नंतर आलेली किती, देव जाणे.

मागणी एकच. पाट्या बसल्यावर आणि ठेकेदाराचं बिल निघण्याआधी, एम. बी. म्हणजे मोजमापाची वही भरण्याआधी, त्या वाचणाऱ्यांकडून वाचून घ्या. एक ब्रेल वाचणारा, एक माझ्यासारखा अर्धवट दिसणारा, एक चाकाच्या खुर्चीवरचा, एक ऐकू न येणारा आणि एक निरक्षर माणूस. गेटपासून ‘निराधार शाखा’ शोधायला सांगा आणि मागं न बोलता चाला. जिथं ते अडतील तिथं पाटी चुकली. इंजिनिअरला जसा लेव्हल ट्यूबवर विश्वास असतो तसा यावर ठेवा. आमच्या जिल्ह्यात बोलावलंत तर मी आणि तो मुलगा येऊ. त्याची शाळा बुडणार नाही असा दिवस धरा. मजुरी नको, चहा चालेल.

कळावे,
आपला,
एक जुना पेंटर

ता. क. हे पत्र मी सांगितलं आणि नातीनं लिहून घेतलं. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील तर माझ्या, मी तिला चारदा मध्येच थांबवलं.

ता. क. २. बाकीचं सावकाश करा. दुसऱ्या मजल्यावरची ती ‘इपसण’ची पाटी दोनच स्क्रूवर आहे. तेवढी उद्या फिरवून घ्या, कूलर चालू आहे.